राखायचा की द्यायचा?

दिवाळी होऊन तीन-चार आठवडे झाले होते. आंबिया बहराची संत्री तोडणीला आलेली, अंगणात प्लास्टिकचे क्रेट रचलेले, आणि त्या गडबडीत निपाणीहून माझ्या धाकट्या भावाचा फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही. थेट कानडीत सुरुवात, "अक्का, निम्म मुंबैयवरु तेंडुलकर मगन्न मारिबिट्रल्ला!" तुमच्या मुंबईवाल्यांनी तेंडुलकरच्या पोराला विकून टाकलं की, म्हणे.

माझं माहेर निपाणी, सासर सौंसर. एका सीमेवरून उठून दुसऱ्या सीमेवर आले, एवढाच काय तो बदल. कॉलेजात अर्थशास्त्र हिंदीतून शिकवते, घरात मराठी बोलते आणि भावाशी भांडायचं असलं की कानडी आपोआप तोंडात येते. तो जन्माचा बेंगलोरवाला. 'ई सला कप नमदे' हे अठरा वर्षं ओरडत होता आणि जून २०२५ मध्ये खरंच कप आला तेव्हापासून त्याच्याशी बोलणं अवघड झालंय. आमच्या सासरी मात्र सगळे मुंबईचे. तेव्हा मुंबईने काही केलं की जाब मला द्यावा लागतो.

बातमी खरी होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सने अर्जुन तेंडुलकरला तीस लाखांना लखनऊकडे दिलं आणि लखनऊकडून शार्दूल ठाकूरला दोन कोटींना घेतलं. कागदावर हे दोन वेगळे सौदे, पण लोकांनी त्याची अदलाबदलच मानली. दिला तो सव्वीस वर्षांचा, घेतला तो चौतीसचा. "तरुण द्यायचा आणि म्हातारा घ्यायचा, हे कुठलं अर्थशास्त्र?" असं भाऊ विचारत होता. मी म्हटलं, शार्दूल म्हातारा नाही, आणि क्रेट मोजायचे राहिलेत, फोन ठेव.

फोन ठेवला खरा, पण तोच प्रश्न त्याच आठवड्यात आमच्या ओसरीवर येऊन बसला.

माझे धाकटे दीर गेली वीस वर्षं गावात क्रिकेटची टीम चालवतात. टीमचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर ते मला घरात घेणार नाहीत. दर जानेवारीत पांढुर्ण्याला लेदर बॉलची एक स्पर्धा होते आणि ती जिंकायची हे त्यांचं जुनं दुखणं आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि आमचं सौंसर त्यात गेलं, तेव्हापासून ते दुखणं जरा जास्तच वाढलंय. तर नागपूरच्या एका क्लबचा माणूस आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. तुमच्याकडे दोन चांगले पोरगे आहेत, जोरात टाकणारे. त्यातला एक आम्हाला द्या. आमचा एक अनुभवी बॅट्समन जानेवारीच्या स्पर्धेला तुमच्याकडून खेळेल, शिवाय मॅटिंगची नवी पट्टी देऊ.

दोन पोरांपैकी एक आमचाच, भाऊजींचा मुलगा, माझा पुतण्या. दुसरा माझ्या बी. ए. प्रथम वर्षाच्या वर्गातला. त्याचे वडील संत्रा मंडीत हमाली करतात आणि हंगामात तो स्वतःही तोडणीला जातो. दोघांत सरस कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो दुसरा. उंच, खांद्याने रुंद, आणि चेंडू टप्पा पडून असा उठतो की आमच्या टीमचा विकेटकीपर दोन्ही बोटांना पट्ट्या बांधून उभा राहतो.

"वहिनी, तुमी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता ना? मंग सांगा, कोणता पोरगा द्याचा?" भाऊजींनी विचारलं. चेष्टेत विचारलं, पण मला काही ती चेष्टा वाटली नाही.

आता खरं सांगायचं तर या प्रश्नावर शिकवण्यासारखं काही असेल तर ते पुस्तकात नाही, आमच्या बगीच्यात आहे. संत्र्याचं कलम लावलं की चार-पाच वर्षं ते नुसतं खातं. पाणी, शेणखत, फवारणी, राखण. मग फळ धरतं आणि व्यापारी येतो. तो बगीच्यात एक फेरी मारतो, मान वर करून झाडं बघतो, एक आकडा सांगतो आणि पटलं तर इसार ठेवून जातो. त्या दिवशी झाडावरचं फळ त्याचं. पुढे गळ झाली, गारपीट झाली, तरी नुकसान त्याचं. आणि भाव चढला तर तो चढही त्याचाच. आपण बगीचा राखला तर दोन्ही आपलं. म्हणजे 'विकायचा की राखायचा' हा प्रश्न खरं तर 'गारपीट कोणाच्या अंगणात पडू द्यायची' हा आहे. ज्याच्या घरात पोरीचं लग्न आहे तो विकतो, ज्याच्याकडे चार पैसे शिल्लक आहेत तो राखतो. दोघंही शहाणेच.

तरुण गोलंदाजाचं तसंच. बॅट्समन दिसतो तसा असतो, थोडाफार. गोलंदाज मात्र कोवळं फळ. त्याची गळ फार.

मयंक यादवचंच बघा. लखनऊकडून २०२४ मध्ये पोरगा आला आणि ताशी १५६.७ किलोमीटरने चेंडू टाकून गेला. चार सामने खेळला आणि दुखापतीने आत. लखनऊने हिंमत धरली, त्याला अकरा कोटींना राखलं. २०२५ मध्ये तो दोन सामने खेळू शकला. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ ला एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आला तेव्हा चेन्नईने त्याच्यासाठी दीड कोटी मोजले. त्याला पिवळ्या जर्सीत खेळायला मिळाले ते २०२३ चे दोन सामने. यात कोणाचा दोष काढण्यासारखं काही नाही. चोवीस पावलं धावत यायचं आणि सगळ्या शरीराचा भार एका टाचेवर आदळायचा, असं दिवसातून साठ-सत्तर वेळा करायचं. विशीच्या आतलं हाड ते किती दिवस सोसणार?

माझा एक भाचा अमेरिकेत डेट्रॉईटजवळ नोकरीला आहे. त्याच्याकडून कळलं की हा प्रश्न तिकडे बेसबॉलमध्ये शंभर वर्षं चघळला जातोय. तिथला 'पिचर' म्हणजे आपल्या गोलंदाजाचा चुलतभाऊ, फक्त न धावता, टप्पा न पाडता चेंडू थेट फेकणारा. मोठ्या संघांच्या हाताखाली लहान संघ असतात, त्यात ही पोरं वाढवतात आणि गरज पडली की दुसऱ्या संघाला देऊन तयार खेळाडू आणतात. तिथे जुन्या मंडळींत एक कडवट विनोद आहे म्हणे, की 'होतकरू पिचर' नावाची वस्तूच जगात नसते. एक तर तो पिचर असतो, नाहीतर त्याचा कोपर दुखत असतो.

डेट्रॉईटच्या लोकांच्या मनातली गोष्ट १९८७ ची. ऑगस्टचा महिना, संघ पहिल्या नंबरसाठी झुंजत होता. त्यांनी अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर नावाचा छत्तीस वर्षांचा पिचर घेतला आणि बदल्यात वीस वर्षांचा एक पोरगा दिला, जॉन स्मोल्ट्झ. अलेक्झांडरने काय केलं? नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही. डेट्रॉईट आपल्या गटात पहिलं आलं. पुढच्या फेरीत मात्र मिनेसोटाने त्यांना हरवलं आणि दोन वर्षांनी अलेक्झांडर निवृत्त झाला. इकडे स्मोल्ट्झ अटलांटात वीस वर्षं खेळला, १९९५ ची जागतिक मालिका जिंकणाऱ्या संघात होता, १९९६ चा सर्वोत्तम पिचर ठरला, २०१५ मध्ये त्याचं नाव तिथल्या सन्मान-दालनात लागलं. भाचा म्हणतो, त्याच्या ऑफिसात अजून दोन तट आहेत. एकांचं म्हणणं आपण फसलो. दुसऱ्यांचं म्हणणं, त्या वर्षी जे हवं होतं ते मिळालं की! मला दुसऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण त्या गोष्टीतली मला बोचली ती बाजू वेगळीच आहे. स्मोल्ट्झ मिशिगनचाच पोरगा, लहानपणापासून डेट्रॉईटच्या संघावर जीव टाकणारा. त्याला द्यायचं ठरलं तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आयपीएलमध्ये निदान हा नियम आहे की खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे देता येत नाही. उलट खेळाडूने परस्पर बोलणी करायची नाहीत हाही नियम आहे. रवींद्र जडेजाला त्यापायी २०१० चा अख्खा हंगाम घरी बसावं लागलं होतं. तोच जडेजा २०२५ मध्ये रीतसर चेन्नईतून राजस्थानकडे परत गेला आणि संजू सॅमसन चेन्नईत आला. काळ बदलतो तो असा.

आणि आपल्या मराठी-कानडी घरांना तर ही अदलाबदल पहिल्यापासून माहीत आहे. २००९ मध्ये, आयपीएलच्या दुसऱ्याच वर्षी, मुंबईने कोडगूचा रॉबिन उथप्पा बेंगलोरला दिला आणि तिकडून आपला श्रीरामपूरचा झहीर खान आणला. तेव्हा आमच्या निपाणीच्या घरात आनंद झाला होता. दोन्ही पोरं आपापल्या घरी गेली, असं आई म्हणाली होती. साटंलोटं जमलं म्हणायची ती त्याला.

पण झहीर तयार खेळाडू होता. कोवळ्या पोरांचं काय होतं ते बघायचं तर मयंक मार्कंडे हे नाव घ्यावं लागेल. पंजाबचा लेगस्पिनर. मुंबईने २०१८ मध्ये त्याला वीस लाखांना घेतलं, वय वीस, आणि त्याने पहिल्याच हंगामात पंधरा बळी घेतले. दुसऱ्या हंगामात त्याला तीन सामने मिळाले. मग जुलै २०१९ मध्ये मुंबईने त्याला दिल्लीला दिलं, बदल्यात वेस्ट इंडिजचा शेरफेन रदरफोर्ड. दिल्लीच्या जर्सीत तो एक सामना खेळायच्या आत, त्याच नोव्हेंबरमध्ये, दिल्लीने त्याला आणि राहुल तेवतियाला राजस्थानकडे देऊन आपला अजिंक्य रहाणे घेतला. चार महिन्यांत दोनदा! तेवतियाचं नशीब बघा, पुढच्याच वर्षी त्याने राजस्थानसाठी एका षटकात पाच षटकार मारले. मार्कंडे मात्र राजस्थान, पुन्हा मुंबई, हैदराबाद, कोलकाता करत फिरला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, अर्जुन गेला त्याच दिवसांत, तीस लाखांना तिसऱ्यांदा मुंबईत आला. आमच्याकडे जुन्या दहा रुपयांच्या नोटेची अशी गत होते. कोणी फाडत नाही, कोणी ठेवूनही घेत नाही.

भावाला मी हे सांगितलं तर त्याने माझ्याच गळ्यात माझाच पदर अडकवला. म्हणाला, "आणि चहल?"

चहलचं काय बोलायचं! २०१३ मध्ये मुंबईच्या डब्यात दोन पोरं एकाच वेळी होती. एक युझवेंद्र चहल, एक जसप्रीत बुमराह. चहलला त्या हंगामात एक सामना मिळाला, बुमराहला दोन. पुढच्या वर्षीच्या लिलावात बेंगलोरने चहलला दहा लाखांना उचललं. दहा लाख! त्याने बेंगलोरसाठी १३९ बळी घेतले, त्या संघासाठी सगळ्यात जास्त. मग बेंगलोरनेही त्याला २०२२ आधी सोडलं, हे भाऊ सांगत नाही, मी सांगते. आणि एप्रिल २०२४ मध्ये जयपूरला तो आयपीएलमध्ये दोनशे बळी घेणारा पहिला गोलंदाज झाला, तेही मुंबईविरुद्ध खेळताना.

आणि बुमराह? तो मुंबईतच राहिला. आज सगळे म्हणतात, हिरा होता, कोणीही राखला असता. पण आकडे काढून बघा. २०१३, २०१४, २०१५ या तीन हंगामांत मिळून सतरा सामने, अकरा बळी. कोणत्या व्यापाऱ्याने या झाडाला इसार दिला असता? पार्थिव पटेलने २०२४ मध्ये सांगितलं की एकदा तर हंगाम मध्यावर असतानाच त्याला सोडण्याचा विचार चालला होता आणि रोहित शर्माने धरून ठेवलं. २०१६ मध्ये पंधरा बळी आले. पुढचं सांगायला नको.

म्हणजे त्याच घराने, त्याच डोळ्यांनी, एक राखला आणि एक जाऊ दिला. राखला तो बरोबर ठरला, दिला तोही बरोबरच ठरला, फक्त दुसऱ्याच्या घरी. यावरून कोणाला नियम काढायचा असेल त्याने काढावा. मला एवढंच दिसतं की चहल वाढला कारण बेंगलोरने त्याच्या हातात चेंडू दिला, दर सामन्यात, मार बसला तरी दिला. बुमराहलाही २०१४ मध्ये अकरा सामने दिले, बळी पाचच आले तरी. मार्कंडेला पंधरा बळींनंतर तीन सामने. ठेवणं आणि कोंडून ठेवणं यात फरक आहे. संत्र्याच्या झाडाला फुलोरा यावा म्हणून आपण पाणी तोडतो, ताण देतो. पण ताण सोडायचा दिवस ज्याला कळत नाही, त्याच्या बगीच्यात वाळकी झाडं उभी राहतात.

हे सगळं मी त्या संध्याकाळी ओसरीवर बोलले नाही, इतकं बोलायला मिळतंय कुठे. तिथे दुसरीच चर्चा रंगली होती. पांढुर्ण्याच्या बाजूचे एक गृहस्थ बसले होते, ते गोटमारीवर घसरले. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर दगड चालतात. दरवर्षी शेकडो माणसं फुटतात, जीवही गेलेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले, लोकांनी दगडच उचलले. त्या गृहस्थांचं म्हणणं, २००८ मध्ये अमेरिकेच्या लोकांनी उत्तर प्रदेशातली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही भालाफेकणारी पोरं स्पर्धा घेऊन निवडली, पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाने करार केला. ते पांढुर्ण्याला आले असते तर ट्रक भरून पिचर मिळाले असते! सगळे हसले. मला गोटमार आवडत नाही, पण हसले मीही.

हसणं संपल्यावर भाऊजींनी निकाल दिला. टीमच्या भल्यासाठी मी माझाच पोरगा देतो, चांगला गोलंदाज टीमला राहू दे. लोकांनी माना डोलावल्या. स्वतःचा मुलगा देतोय म्हणजे केवढा त्याग!

मी हातातली संत्री सोलायची थांबवली. म्हटलं, "भाऊजी, नागपूरला जाणं ही शिक्षा आहे की संधी?"

कोणी बोललं नाही. जाऊबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. प्रश्न त्यांनाही कळला होता. इथून नागपूर दीड तासावर. कागदावर आम्ही मध्य प्रदेश, आमची असोसिएशन इंदूरला. पण जामठ्याचं स्टेडियम, तिथली मैदानं, तिथले कोच, सगळं नागपूरला. याच विदर्भाने डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्याला रणजी उपांत्य सामन्यात कर्नाटकाला पाच धावांनी हरवलं होतं. रजनीश गुरबाणी नावाच्या इंजिनीअर पोराने त्या सामन्यात बारा बळी घेतले आणि मग इंदूरला अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक केली. भाऊ त्या दिवशी जेवला नव्हता. (करुण नायर कर्नाटकात नकोसा झाला, विदर्भाकडे आला, २०२४-२५ च्या रणजीत ८६३ धावा करून विदर्भाला करंडक देऊन गेला आणि मग कर्नाटकाने त्याला परत बोलावलं, हेही मी त्याला अधूनमधून आठवून देते.) तर नागपूर म्हणजे दार आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मग चांगल्या पोराला 'टीमसाठी' राखायचं आणि घरच्या पोराला दारापर्यंत सोडून यायचं, याला त्याग कसं म्हणायचं?

भाऊजी वाईट माणूस नाहीत. त्यांनी त्या नजरेने बघितलंच नव्हतं, एवढंच. बराच वेळ कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, "मंग पोरायलेच विचारू."

दोघं बाहेर क्रेटवर बसून मोबाइल बघत होती. तासभर आत त्यांचा सौदा चालला होता आणि त्यांना हाक मारायचं कोणाला सुचलं नव्हतं, मलाही.

पुतण्या लगेच हो म्हणाला. माझ्या विद्यार्थ्याने एकच विचारलं, "तिथं मले बॉल भेटन का?"

नागपूरचा माणूस खरं बोलला, हे त्याचं मी मोठेपण मानते. पहिलं वर्ष नेटमध्ये टाकायचं, सामने मिळतील असं सांगता येत नाही. राहायची खोली, जेवण आपापलं. पोराने मान खाली घातली. मी त्याच्या वर्गात दरवर्षी 'संधीची किंमत' नावाचा धडा शिकवते. ती किंमत त्याने तिथल्या तिथे मांडली असणार. नागपूरची खोली, खानावळ, इकडे हंगामातली बुडालेली मजुरी, वडिलांची दुखरी पाठ. वाट बघायलाही पैसे लागतात. बुमराहसाठी वाट बघायला मुंबईकडे पैसे होते.

"मी इथंच राह्यतो, मॅडम," तो म्हणाला. मग भाऊजींकडे वळून, "पण नवा बॉल मले पायजे."

आमच्या टीमचा नवा चेंडू गेली बारा वर्षं कॅप्टनकडे असायचा. कॅप्टनचं वय बेचाळीस. हा सौदा नागपूरच्या सौद्यापेक्षा अवघड गेला, पण झाला.

शेवटी जे आधी ठरलं होतं तेच घडलं, पुतण्या गेला आणि तो राहिला. फक्त विचारून झालं. याने माझं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरी चार पैसे होते त्याला दार मिळालं, हे विचारण्याने बदलत नाही. त्याच्या खोलीचा खर्च गावाने वर्गणी काढून उचलावा, असं मी दोन ठिकाणी बोलून पाहिलं. गणपतीला वर्गणी निघते, पोराच्या खांद्याला निघत नाही. अजून बोलते आहे.

जानेवारीत पांढुर्ण्याला स्पर्धा झाली. नागपूरचा बॅट्समन आला, पहिल्या सामन्यात चाळीस केल्या, दुसऱ्यात अकरा. आम्ही उपांत्य फेरीत हरलो. माझ्या विद्यार्थ्याने नव्या चेंडूवर तीन सामन्यांत आठ बळी घेतले. आणि तिसऱ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तो वर्गात पाठीला हात लावून बसला होता. चौकशी केली तर कळलं, तो आमच्या टीमकडून खेळतो, कॉलेजकडून खेळतो आणि रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धेत तिसऱ्याच कोणाकडून दोनशे रुपयांसाठी खेळतो. एक खांदा, तीन मालक.

त्या दिवशी मी भाऊजींवर चिडले. राखायचा म्हणालात ना, मग राखा! आता त्यांच्या संत्र्याच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर तारखा आहेत आणि तारखेपुढे चेंडूंचे आकडे. नेटमधले वेगळे, सामन्यातले वेगळे. आठवड्याला किती झाले ते रविवारी रात्री बेरीज करतात आणि जास्त झाले तर सोमवारी त्याला मैदानावर येऊ देत नाहीत. टेनिस बॉलचे दोनशे रुपये भाऊजी स्वतः देतात, न खेळण्याचे. क्रेट मोजतानाही मी त्यांना इतकं काटेकोर पाहिलेलं नाही.

पुतण्याचा परवा नागपूरहून फोन आला. दोन महिन्यांत सराव सामन्यात त्याला चार ओव्हर मिळाल्या होत्या. खानावळीतल्या वरणाबद्दल तक्रार केली, बूट फाटलेत म्हणाला, मोठी आई, पैसे पाठवायला सांग म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारलं, "तिकडं नवा बॉल अजून त्यालेच देतात का?"

मी हो म्हटलं.

"बरं," म्हणाला. आणि मग, "पाठ कशी हाय त्याची?"